घरचीच गाडी

सांगलीच्या व्याह्यांचं पत्र आलं, त्याला नारायणरावांनी उत्तर दिलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

पत्र गोड होतं. 'वहिनींना दिसायला कमी झालंय, रस्त्यात ठेचकाळतात असं कळलं. आमची बॅटरीवरची गाडी तुम्हाला द्यावी म्हणतो. जुनी आहे, पण पेट्रोलचा खर्च नाही. बाहेरच्यापेक्षा घरचीच बरी.' खाली किंमत होती. ती वाचून नारायणरावांनी चष्मा पुसला.

वाईच्या वाचनालयात त्यांचा जन्म गेला होता. उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडे दंड मागायचीही त्यांना लाज वाटे. फंडातून उरलेले पैसे पत्नी गोदावरीबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. हो म्हणावं तर पैसे डोळ्यांचे. नाही म्हणावं तर लेक त्या घरात. रोज ते पत्र लिहायला बसत आणि कागद चुरगाळून टाकत. महिना असाच गेला. लग्नाच्या बैठकीतही ते असेच गप्प बसले होते, आणि ते गप्प बसणं होकार धरून मानपान ठरून गेला होता. सोयऱ्यांत मौनाचा अर्थ एकच असतो!

एका सकाळी दारात टेंपो उभा राहिला. वर दोरखंडानं जखडलेली छोटी गाडी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी त्यांची लेक ज्ञानदा.

"चालते का हो?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"टेंपोवर लय झ्याक चालती," ड्रायव्हर कोंडीबा म्हणाला. आळीभर हशा पिकला.

आत आल्यावर ज्ञानदानं खरं ते सांगितलं. सीटखालच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, नव्या घालायच्या तर जवळजवळ गाडीइतकाच खर्च. सांगलीत कुणी ती घेईना. 'उत्तर नाही म्हणजे पसंत आहे' असं म्हणून सासऱ्यांनी गाडी लादली आणि पैसे आणायला सुनेला धाडलं.

नारायणरावांनी उठून कपाटातून पासबुक काढलं. "देऊन टाकतो. तुला तिकडे त्रास नको."

"बाबा, बसा," ती म्हणाली. "दिवाळसणाला त्यांनी फ्रिज मागितला, तुम्ही दिलात. आता मागायची लाज वाटते म्हणून विकतात, एवढाच फरक. तुम्ही नाही म्हणालात तर ते आठ दिवस फुगतील. हो म्हणालात तर पुढच्या वर्षी काय विकतील, ते त्यांनाही ठाऊक नाही."

"आणि जावईबापू?"

"त्यांना हे पटत नाही. पण वडिलांपुढे तोंड उघडत नाहीत. दोन घरांत दोन गप्प पुरुष, आणि मधे मी."

नारायणरावांना वाटलं, भिंती जवळ आल्या आहेत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी चाचपडत गोदावरीबाई आल्या. आजवर त्या पैशांबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"अहो, गाडीतून गणपतीच्या दारापर्यंत जाईन मी," त्या म्हणाल्या, "पण गणपती दिसायचा नाही."

 नारायणराव पासबुक परत कपाटात ठेवून बाहेर गेले आणि गाडी परत न्यायला सांगितली. कोंडीबा हसला. "मला वाटलंच हुतं काका. म्हणून दोर सोडलाच न्हाई."

पत्र चार ओळींचं झालं: गाडी आम्हाला नको. परत पाठवली आहे. यापुढे आमच्याकडून लेकीला जाईल ते मायेचं जाईल, मागणीचं नाही. ज्ञानदा आईच्या डोळ्यांचं होईपर्यंत इथेच राहील.

"कोंडीबाजवळ द्या ना, आजच पोचेल," ज्ञानदा म्हणाली. पण उत्तर आपलं आहे, ते आपणच टाकायचं, असं म्हणून त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

वाचकहो, हुंडा दर वेळी हुंड्याच्याच नावानं येत नाही. कधी तो घरचीच गाडी होऊन येतो, आणि दारापर्यंत त्याला ओढून आणते ती आपलीच भीड. गप्प बसून लेकीचं सुख विकत घेता येत नाही. गप्प बसण्याची किंमत तेवढी वाढत जाते, आणि ती भरते लेकच.

टपालपेटीच्या तोंडात पत्र अर्धं गेलं, तेव्हा नारायणरावांची बोटं सुटेनात. मग सुटली.