मास्तरांचा पाय

गाडी शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. अठ्ठावीस वर्षांत मास्तरांच्या गाडीला साधा ओरखडा उठला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. इतर शिकवणारे आरडाओरडा करून माणसाला रडकुंडीला आणत. मास्तर आवाज चढवत नसत. समोर कुणी आडवं आलं की शिकणाऱ्याच्या अंमळ आधी ते आपला ब्रेक हळूच दाबायचे आणि वर म्हणायचे, शाब्बास, बरोबर थांबवलीस. शिकणारा खूश, मास्तरही खूश.

लेकीलाही त्यांनी असंच शिकवलं. परीक्षा मोकळ्या मैदानात झाली, तिथे आडवं येतंय कोण? ती पहिल्या फटक्यात पास झाली.

बारा दिवसांपूर्वी, भरदुपारी, घरापासून चौथ्या चौकात, पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना तिने उडवलं. बाई वाचल्या, पण कंबरेचं हाड मोडलं. पुन्हा मशीनवर बसता येईल का, याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

तेव्हापासून मास्तरांना काही वाटेनासंच झालं होतं. गार झालेला चहा ते तसाच पीत. हॉस्पिटलात जात, बाईंच्या मुलाचं बोलणं मुकाट ऐकून घेत आणि परत येत. रडू नाही, राग नाही, सगळं बधिर.

लेकीने मात्र एकच पालुपद धरलं होतं: ब्रेक लागलाच नाही. मेकॅनिकने गाडी खालून-वरून तपासली. ब्रेक ठणठणीत होते, तसं त्याने लिहूनही दिलं. तो कागद वाचल्यावर ती गप्पच झाली, ताटात दोन घास चिवडून उठू लागली. बायको मास्तरांना म्हणाली, पोरगी स्वतःला खातेय, काहीतरी बोला तिच्याशी. बोलण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं. ते बोलले तर अठ्ठावीस वर्षांची अब्रू वेशीला टांगली जाणार होती, आणि नाही बोलले तर पोरगी हातची जाणार होती.

शेवटी आज दुपारी ते तिच्या खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली होती.

"तू ब्रेक दाबलास, पण उशिरा," ते म्हणाले. "वेळेवर दाबायला तू शिकलीच नाहीस. तुझी गाडी मी थांबवत होतो."

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "दर वेळी?"

"जवळजवळ."

"आणि शाब्बास म्हणायचात ते?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "बाबा, बाकीच्यांनाही असंच शिकवलंत?"

बाहेरच्या खोलीत येऊन मास्तरांनी शिकून गेलेल्यांची वही काढली. सगळ्यात शेवटी नाव होतं बँकेतल्या एका कारकून बाईंचं. त्या गेल्याच महिन्यात पास झाल्या होत्या. काय सांगायचं ते मास्तरांनी मनात जुळवलं: उद्या सकाळी या, पुन्हा शिकवतो, या वेळी ब्रेक तुम्हीच दाबायचा. त्यांनी फोन लावला.

"मास्तर, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच मुलांना तुमचं सांगत होते," बाई म्हणाल्या. मागे पोरांचा गलका चालला होता. "बोला ना, गाडीतच आहे. शाळेतून घरी निघालोय."

मास्तरांचा बारा दिवसांचा बधिरपणा एका क्षणात उतरला. त्यांना भीती वाटली, नुसती भीती.

"बाई, गाडी बाजूला घ्या," ते कसेबसे म्हणाले. "आधी थांबवा."

"थांबवते की, त्यात काय," बाई हसत म्हणाल्या.

मास्तर फोन कानाला लावून इंजिन बंद व्हायची वाट बघत उभे राहिले. इथून त्यांचा पाय काही तिथे पोहोचणार नव्हता.