मैनाच्या फलकाची आखणी

लोकशाहीत मतदार उमेदवाराचा रंग पाहत नाही. आमच्या गावात तर तो कुणी पाहू नये म्हणून हमरापूरहून बदलूनच आणला होता.

गाव पेणपासून खाडीच्या अंगाला. अर्धं भातशेतीवर, अर्धं मिठागरांवर. त्या साली सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि सरपंच थेट लोकांनीच निवडायचा होता. हैबतरावांनी बायकोला, चंद्रावतीला, उभं केलं. ते स्वतः दोनदा सरपंच झाले होते. खुर्ची घरात राहावी, एवढीच त्यांची लोकशाहीकडून माफक अपेक्षा होती.

समोर मैना उभी राहिली.

मैनाची आई कृष्णाबाई इथलीच. वडील सायमन आफ्रिकेतल्या मोम्बासाचे. डिझेल इंजिनांचं काम शिकायला मुंबईत आले, तिथून कुणीतरी त्यांना धरमतरच्या खाडीत बंद पडलेली लाँच दुरुस्त करायला पाठवलं. लाँच हाकणारा तांडेल बाबाजी, त्याची मुलगी कृष्णाबाई. तिच्या हातची भाकरी खाऊन इंजिन दोन पावसाळे दुरुस्त होत राहिलं. मग लग्न झालं आणि इंजिन लगेच सुरू झालं. पुढं सायमननं जन्मभर गावची भाताची गिरणी चालवली आणि गावची बोली अशी उचलली, की पुण्याहून आलेल्या तलाठ्याला त्याचं बोलणं दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागे. सायमन गेला तेव्हा सर्वांत मोठ्यानं हैबतराव रडले होते. तेव्हा निवडणूक नव्हती.

मैनानं रंग आणि केस बापाचे घेतले, आवाज आईचा. नवरा रघू रोह्याजवळच्या वरशाचा. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. शिफ्टला इथून जवळ पडतं म्हणून लग्नानंतर तोच इथं राहायला आला.

पहिल्याच सभेत हैबतरावांनी मारुतीच्या पारावरून विषय काढला.

"मैना आपली लेक हाय. मी नाय म्हणतच नाय. पण लेक म्हणजे दिलेली. दिलेली कशी परत मोजायची? नवऱ्याकडून ती वरशाची, बापाकडून मोम्बासाची. मग आपली कुठून?"

"आईकडून!" मागून मैनाची शेजारीण हौसा ओरडली.

"आईकडून कोण मोजतं गो?" हैबतराव म्हणाले. हा मुद्दा बिनतोड असल्यानं टाळ्या पडल्या. चंद्रावती रोह्याची, पण ती सून, म्हणून पूर्ण गावची.

मैनानं हे घरी ऐकलं. सरपंच होऊन तिला खाडीचा बांध दुरुस्त करायचा होता, हे खरं. पण त्या संध्याकाळपासून बांध मागं पडला. "मी हितली का नाय, ते एकदा मोजूनच होऊ दे," ती रघूला म्हणाली. रघू म्हणाला, "होऊ दे," आणि झोपला. त्याला शिफ्ट होती.

मैनाच्या प्रचाराची सूत्रं गुणाजीकडं होती, कारण त्याच्याकडं जीप होती. नाक्यावर मोठा फलक हवा, असं त्यानं ठरवलं. फ्लेक्स उन्हानं फिका पडतो. शिवाय त्याचा मेव्हणा जनू हमरापूरला गणपती रंगवायचा आणि सण होऊन गेल्यामुळं रिकामा होता. मैनाचा फोटो हमरापूरला गेला.

फलक आला. त्यावर एक गुलाबीसर, तुकतुकीत बाई हात जोडून उभी होती.

"ही कोण?" मैनानं विचारलं.

"तूच की," गुणाजी म्हणाला. "खाली नाव हाय."

"रंग कुणाचा?"

"गणपतीचा. डबे उरले व्हते."

वरशाहून सासू, इंदुबाई, मुद्दाम फलक बघायला आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुनेचा फोटो तिनं भिंतीवर लावला नव्हता. फलकासमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"आता कशी दिसतेस गो! याचाच लहान फोटो मिळल काय? पाव्हण्यांना दाखवता येईल."

मैनाची मुलगी शकू तिथंच होती. आजीवर आणि आईवर, दोघींवरही ती गेली नव्हती. ती थेट सायमनवर गेली होती. तिनं फलकाकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि घरी गेली.

मैनानं त्याच दिवशी फलक उतरवला, जीपमध्ये घातला आणि हमरापूर गाठलं.

"माझा रंग दे," ती जनूला म्हणाली.

जनूनं डबे चाळले. "ताई, आमच्याकडं गणपतीचा हाय, कृष्णाचा निळा हाय, विठ्ठलाचा काळा हाय. माणसाचा येत नाय."

"मग कालव."

जनूनं तिचा हात डब्याशेजारी धरायला लावून रंग कालवला. चांगला जमला. पण एक अडचण निघाली. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळ्यांची आखणी करतात, आणि आखणी झाली की मूर्तीत देव बघायला लागला, असं जनूच्या घरी मानतात. त्यावर पुन्हा ब्रश फिरवत नाहीत. जनूनं सवयीनं मैनाच्याही डोळ्यांची आखणी करून टाकली होती.

"तोंड बदलतो," तो म्हणाला. "डोळ्यांना हात नाय लावणार. पोराबाळांचा धनी हाय मी."

अशा रीतीनं फलक नाक्यावर परत आला. रंग मैनाचा, केस मैनाचे आणि डोळे गणपतीचे. कुठूनही पाहिलं तरी फलक आपल्याकडंच बघतोय असं वाटे.

पहिला नमस्कार बायजानं केला. ती मासळीची पाटी घेऊन पेणला निघाली होती, हात आपोआप जोडले गेले. दुसऱ्या दिवशी फलकाखाली जास्वंद होती. चौथ्या दिवशी दुर्वा. लोकांना लाज वाटे, पण डोळ्यांपुढं इलाज नव्हता. खुद्द चंद्रावती प्रचाराला जाताना पदर डोक्यावर घेऊन पुढं जायची.

"अगो, विरोधी उमेदवार हाय ती!" हैबतराव चिडले.

"ती नाय दिसत मना. डोळे दिसतात," चंद्रावती म्हणाली. "तुमी घ्या बघून एकदा."

हैबतरावांनी ते टाळलं. प्रचारात देवाचा वापर होतो, अशी तक्रार त्यांनी केली. निवडणूक अधिकारी तपासणीला आले. फलकाजवळ पोचताच त्यांनी बूट काढले, मग का काढले ते न आठवून परत घातले.

"हे तर बाईंचं चित्र आहे," ते म्हणाले.

"डोळे बघा, साहेब!"

"डोळ्यांबद्दल आचारसंहितेत काही नाही." जाताना त्यांनी गाडीतून मागं वळून एकदा कपाळाला हात लावला. घाम पुसला असेल.

मतदान झालं. रघू रांगेत दिसला नाही. शिफ्ट असेल, असं सगळ्यांनी धरलं. मतमोजणीत मैना भरघोस मतांनी निवडून आली. गावानं मोजून सांगितलं होतं. तिनं शकूला उचलून घेतलं, गुलाल दोघींच्या केसांत अडकून बसला.

"त्या डोळ्यांना पाडणार कोण?" हैबतराव म्हणाले आणि स्वतःच हार घेऊन पुढं आले.

पहिल्या बैठकीला मैना वेळेवर गेली. रघू शिफ्टवरून घरी येऊन लगेच तिचा डबा द्यायला आला होता. तो दारात दिसताच माजी सरपंच म्हणून येऊन बसलेले हैबतराव उठले आणि त्यांनी सरपंचाची खुर्ची पुढं ओढली.

"या, रघूशेट, बसा!"

रघू दमलेला होता. तो बसला.

"ती माझी खुर्ची हाय," मैना म्हणाली.

"व्हय, व्हय, तुझीच की गो," हैबतराव म्हणाले. "गुणाजी, ताईला खुर्ची आण."

"रघू, ऊठ."

रघू ओशाळून उठायला लागला. हैबतरावांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं. मैनानं ती खुर्ची रघूसकट मागं सारली. रघू डबा घेऊन बाजूला झाला आणि मैना बसली. ग्रामसेवकानं घसा साफ केला, वही उघडली आणि भिंतीला टेकून उभ्या रघूकडं बघून विचारलं, "साहेब, पहिला विषय बांधाचा घ्यायचा का?"

"तो काय सांगणार? तो वरशाचा," मैना म्हणाली.

"असं कसं?" हैबतराव म्हणाले. "गावचा मानूस हाय तो."

मतदारयादीत रघूचं नाव अजून वरशालाच आहे.