मुळ्याच्या वासाने सापडलेले नाव

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याची नेहमी निराशा होते. सुपारीएवढा गारगोटीचा तुकडा आणि त्याच्या एका अंगावर फिकट निळी लव, एवढेच त्याला दिसते. ती लव म्हणजे मी. केसाहून बारीक अशा शेकडो काड्यांचा मिळून झालेला मी एक म्हातारा स्फटिक आहे. चमकत नाही, अंगठीत बसत नाही. तरीही मी फार भाग्यवान आहे आणि ते कसे, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म क्युशू बेटावरच्या एका बंद पडलेल्या खाणीत झाला. खाणकामगारांनी डोंगर फोडला, तांबे आणि शिसे नेले आणि ते निघून गेले. मागे उरलेल्या खनिजाला वारा लागला, पाणी झिरपू लागले. त्या पाण्यात थोडे शिसे विरघळले, थोडे तांबे, थोडे गंधक आणि चिमूटभर सेलेनियम. सेलेनियम हे गंधकाचे चुलत भावंड. प्राणवायूशी संसार मांडला की गंधकाचे सल्फेट होते आणि सेलेनियमचे सेलेनाइट. ही दोन भावंडे एका घरात क्वचितच नांदतात. माझ्यात नांदली. ज्या कामगारांनी तो डोंगर फोडला त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण त्यांचे घाव पडले नसते तर मी झालोच नसतो. म्हणून पहिले आभार त्यांचे.

खाणीबाहेरच्या दगडांच्या ढिगात मी कितीतरी वर्षे पडून होतो. मला उचलले ते गेन्पाची ओनिझुका यांनी. ते पायथ्याच्या गावातले न्हावी. सोमवारी दुकान बंद ठेवून ते पाठीला पिशवी आणि हातात हातोडी घेऊन डोंगरात यायचे. निळा रंग पाहताच त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले, घरी नेले आणि खारवलेल्या आलुबुखाराच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवले. डबीवर जागा लिहिली, तारीख लिहिली आणि नाव लिहिले: 'लिनाराइट'.

लिनाराइट हे शिसे, तांबे आणि सल्फेट यांचे नामांकित निळे खनिज. त्याच्यात सेलेनियम मात्र नसते. मी लिनाराइट नव्हतो. पण दगडाला बोलता येत नाही.

पहिली काही वर्षे मोठ्या मानाची गेली. दुकानातल्या काचेच्या कपाटात, कंगव्यांच्या वरच्या फळीवर मी असायचो. दाढीला आलेली माणसे मान वाकडी करून मला बघायची. गेन्पाची वस्तरा थांबवून माझे कौतुक सांगायचे. त्यांच्या पत्नी सुमिएबाई मागच्या अंगणात मुळ्याचे ताकुआन लोणचे घालायच्या. मुळे उन्हात वाळवून, भाताचा कोंडा आणि मीठ लावून पिंपात दाबायचे, असे ते काम. त्या आतूनच ओरडायच्या, "अहो, गिऱ्हाइकाचा कान कापाल! तुमच्या दगडांतले कामाचे तेवढेच, जे माझ्या पिंपावर वजन म्हणून बसतात!"

मग एकदा दगडप्रेमी मंडळींचा मेळावा भरला. गेन्पाचींनी मला मोठ्या उमेदीने तिथे नेले. एका बड्या संग्राहकाने भिंग लावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे तो म्हणाला, "ओनिझुका, लिनाराइट गडद निळा असतो हो. याला काय पांडुरोग झालाय? का न्हाव्याच्या सवयीनं यालाही भादरलात?"

मंडळी खो खो हसली. गेन्पाचीही हसले, पण परतीच्या वाटेवर त्यांनी पिशवी एकदाही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून खालच्या खणात गेलो. तिथे बोथट कात्र्या होत्या, तुटके कंगवे होते. तीस वर्षे मी तिथे काढली. पण डबी घट्ट होती, कापूस कोरडा होता. राग आला तरी त्यांनी मला उघड्यावर टाकले नाही, हे मी विसरलेलो नाही.

गेन्पाचींचे हात थरथरू लागले. एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीला जखम झाली त्या दिवशी त्यांनी वस्तरा ठेवला आणि दुकान आवरायला घेतले.

"या खणातले सगळे उद्या ओढ्यात," ते म्हणाले.

"सगळे?" सुमिएबाईंनी विचारले. "बघा तरी एकदा. माझ्यावर नका ढकलू नंतर."

गेन्पाचींनी माझी डबी उघडली. त्यांच्या मनातला सल अजून गेला नव्हता. तरुणपणी त्यांनी पितळेची एक छोटी फुंकणी आणली होती. कोळशाच्या तुकड्यावर खनिजाचा कण ठेवायचा आणि फुंकणीने दिव्याची ज्योत त्यावर वळवायची. धूर, रंग, वास यांवरून त्यात काय आहे ते कळते. त्यांनी माझ्या दोन-तीन काड्या सुईने काढल्या, खिडक्या उघडल्या आणि कशीबशी फुंकणी तोंडाला लावली.

अंगणातून सुमिएबाईंची किंकाळीच आली. "गेलं! पिंप गेलं माझं!"

गेन्पाची फुंकणी टाकून धावले. बाई पिंपावरचे धोंडे भराभर उतरवत होत्या.

"अहो, मुळा कुजलाय! वास येत नाही तुम्हाला? वर्षभराचं लोणचं!"

"मला कसला येतोय वास? नाक कधीच गेलंय माझं, पावडरी हुंगून हुंगून."

एकेक पिंप उघडून पाहिले. मुळे पिवळेधमक, ताठ, कुरकुरीत होते. बाई कोड्यात पडल्या. हवा हुंगत हुंगत त्या दुकानात आल्या आणि कोळशापाशी थांबल्या.

"हा वास इथनं येतोय. तुमच्या दगडातनं!"

गेन्पाची कोळशावर वाकले. "कसला वास म्हणालीस? नीट सांग, सुमिए."

"कुजक्या मुळ्याचा! पन्नास वर्षं लोणचं घालतेय मी, मला शिकवता?"

"सेलेनियम," ते पुटपुटले. "जळताना कुजक्या मुळ्यासारखा वास फक्त त्यालाच येतो. अगं, लिनाराइटला असा वास यायचाच नाही. हा लिनाराइट नाहीच!"

"मग काय आहे?"

"ठाऊक नाही," गेन्पाची म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

मित्रांनो, तुम्ही मात्र असे खनिज जाळून हुंगू नका. तो धूर विषारी असतो. त्या दोघांना माझ्यापायी बाधा झाली नाही, हे माझे नशीब.

दोघे मला घेऊन विद्यापीठातल्या प्राध्यापिका कोगाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पारखायचं तर याची पूड करावी लागेल. निम्मा तरी खरवडावा लागेल." गेन्पाचींनी डबी छातीशी धरली. सुमिएबाईंनी हळूच त्यांच्या कोपराला धक्का दिला, तेव्हा कुठे त्यांनी ती पुढे केली. सुई लागण्याआधी त्यांनी माझ्यापुढे मान लववली आणि म्हटले, "माफ कर." मला वाईट वाटले नाही. अंग निम्मे गेले, पण पहिल्यांदाच कोणी मला विचारत होते की तू कोण आहेस.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. शिसे, तांबे, सेलेनाइट आणि सल्फेट, दोन्ही भावंडे एकाच स्फटिकात. असे खनिज जगात मोजक्याच ठिकाणी सापडले आहे. कोगाबाईंनी माझे खरे नाव घालून नवी चिठ्ठी लिहायला घेतली. "शोधणारे, गेन्पाची ओनिझुका. बरोबर?"

"आणि ओळखणारी, सुमिए ओनिझुका," गेन्पाची म्हणाले. "नाक तिचं आहे."

"इश्श! काहीतरीच तुमचं!" बाई म्हणाल्या, पण कोगाबाईंची लेखणी कागदावर टेकेपर्यंत त्यांनी तिच्यावरून नजर हलवली नाही.

आता मी विद्यापीठाच्याच संग्रहालयातल्या कोरड्या, अंधाऱ्या खणात सुखाने राहतो. माझ्या खाणीचे तोंड सिमेंटने बुजवले आहे. तिथे मला आणखी भावंडे होणार नाहीत. म्हणून मला ओला हात लावू नका, एवढे मागणे आहे. दुसरे मागणे याहून मोठे आहे. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याला घाईने नाव देऊन मोकळे होऊ नका.

हे गेन्पाचींना माझ्या आधी पटले. मला इथे ठेवून घरी गेल्यावर त्यांनी उरलेल्या दगडांच्या सगळ्या डब्या काढल्या आणि सुमिएबाईंना शेजारी बसवून एकेक तपासली. पुढच्या वेळी ते कोगाबाईंकडे आले तेव्हा पिशवीत एक्केचाळीस डब्या होत्या. प्रत्येकीवरचे जुने नाव खोडलेले होते आणि खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते: 'ठाऊक नाही. कृपया पाहावे.'