आठ मात्रांत बसलेलं झुरळ

श्रुतिका मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना मॉडर्न डान्स शिकवायची. बसवलेल्या नाचापेक्षा आयत्या वेळी सुचलेला नाच तिला फार प्यारा. "स्टेप्स विसरा, अंगाला वाटेल ते करू द्या," असं ती दर शनिवारी सांगायची. पण तिच्या चारही विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या नलिनीकाकू तर प्रत्येक स्टेप वहीत लिहून घ्यायच्या.

सोसायटीच्या वर्धापनदिनी क्लासचा नाच ठरला होता आणि त्याला पंधराच दिवस होते. श्रुतिका हात पसरून, डोळे मिटून सावकाश गिरक्या घेत होती. तेवढ्यात एक उडतं झुरळ तिच्या मानेवर बसलं नि सरळ कुर्त्यात शिरलं. ती किंचाळली, एका पायावर तीनदा उडाली, पाठ भिंतीला घासली, ओढणी भिरकावली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. झुरळ कधी निसटलं, कुणालाच दिसलं नाही. ते आलेलंही कुणाला दिसलं नव्हतं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"झकास! हेच घेऊया," जयंतीकाकू म्हणाल्या.

"उडताना डावा पाय की उजवा?" नलिनीकाकूंनी पेन काढलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच बायका एवढ्या खूश दिसत होत्या. खरं सांगायची श्रुतिकाला लाज वाटली. "उजवा," ती म्हणाली.

पंधरा दिवस तालीम चालली. किंचाळायचं सातव्या मात्रेवर की आठव्या, यावरून भांडणही झालं.

वर्धापनदिनी चौघी एकदम अशा किंचाळल्या, की पहिल्या रांगेतले चेअरमन खुर्चीसकट मागे सरकले. नाच संपल्यावर त्यांनी घाम पुसत विचारलं, "याचा अर्थ काय हो?"

"बाईच्या मनातली घुसमट," नलिनीकाकूंनी ठोकून दिलं. सगळा हॉल उभा राहिला.

पुढच्या शनिवारी मात्र श्रुतिकाला राहवेना. तिने झुरळाचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तां तुका सुचलाच नाय गो?" नलिनीकाकू थेट मालवणीवर आल्या.

"नाही काकू. अंगानेच केलं सगळं."

"मगे आमका पण तसाच करूक दी!"

आणि चौघी सुटल्या. कुणी गोधडी झटकल्यासारखे हात उडवले, कुणी उगाचच लंगडत हॉलला फेऱ्या मारल्या. जयंतीकाकू तर खांबाशी भांडत होत्या. क्लास तासभर लांबला. शेवटी जयंतीकाकूंचे यजमान मधुकरराव चहाचं विचारायला दारात आले, दोन मिनिटं आत बघत उभे राहिले, आणि घरी जाऊन त्यांनी स्वतःच चहा टाकला.