कपाची शिवण आणि कमरेचा पट्टा

माझी मावशी शब्दकोशाच्या ऑफिसात इंग्रजी क्रियापदं सांभाळते. एकेक क्रियापद घ्यायचं आणि त्याचा अर्थ आपल्या भाषेत लिहायचा, एवढंच काम. पण तिचा एक हट्ट आहे. जे क्रियापद लिहायचं, ते आधी स्वतः करून पाहायचं. मी त्याच ऑफिसात पानं लावते, त्यामुळे तिच्या हट्टापायी डोकं फिरतं ते माझं. 'कॉक' म्हणजे होडीच्या फटी बुजवणे, तर बाईसाहेब डांबराने माखलेले हात घेऊन टेबलाशी हजर. 'डॉडल' म्हणजे रेंगाळणे, तर त्यासाठी तिने रीतसर अर्ज देऊन रजा टाकली आणि इकडे माझं पान अडलं. ऑफिसात तिला 'करूनबाई' म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

"आणि 'स्टील' आलं की?" आमच्या संपादकांनी एकदा तिला विचारलं. "चोरी करणार का?"

"एस यायला अजून वेळ आहे, साहेब. पण आला की तुमच्याच केबिनपासून सुरुवात करीन."

मग ती आजारी पडली. उठली खरी, पण उजवा हात कापायला लागला. चहाचा कप उचलला की बशीत अर्धा सांडायचा. संपादक माणूस वाईट नाही. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, आता करून पाहणं पुरे. जुन्या कोशांवरून अर्थ सांगत जा, आम्ही लिहून घेऊ."

मावशीने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "माझ्या हाताला जे जमत नाही, ते मी लिहिणार नाही. एफमधलं एक क्रियापद राहिलंय. ते जमलं तर राहीन, नाहीतर खुर्ची सोडते."

मी घाबरले. या बाईला घरी बसवलं तर ती भिंतींशी भांडेल आणि मग खचेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

क्रियापद होतं 'फेटल'. आमच्याकडे त्याच्यापुढे 'दुर्मीळ' अशी खूण होती आणि जुन्या कोशात अर्थ होता 'नीट करणे'.

"नीट करणे म्हणजे काय गं?" मावशी बसमध्ये करवादली. "केस नीट करणे, की कार्ट्याला नीट करणे?" कपबशांच्या कारखान्यात हा शब्द अजून चालतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून आम्ही निघालो होतो. "आणि मूळ बघ. जुन्या इंग्रजीत 'फेटेल' म्हणजे पट्टा. कमरेला बांधायचा. बहुधा त्यावरूनच हे आलंय. आता पट्टा कुठे आणि कप कुठे?"

"पट्टा जाऊ दे, तू दांडा धर," मी म्हटलं. बस वळण घेत होती.

कारखान्यात सगळीकडे पांढरी धूळ. पातळ माती साच्यात ओतायची, कप घट्ट झाला की साचा उघडून काढायचा. साचा दोन तुकड्यांचा, त्यामुळे कपाच्या अंगावर उभी शिवण राहते. वाळल्यावर ती पात्याने खरवडायची आणि ओल्या स्पंजने पुसायची. भट्टीत जाण्याआधीचा कप खडूसारखा ठिसूळ. जोर जास्त झाला तर हातात तुकडे, कमी झाला तर शिवण जन्मभर दिसणार.

"याला काय म्हणता?" मावशीने विचारलं.

"फेटलिंग," कामावरची बाई म्हणाली. डोक्याला रुमाल, वय मावशीएवढंच. "सकाळपासून तेच तर करतेय."

आमचा दुर्मीळ शब्द इथे चहापाण्यासारखा चालला होता.

मावशीने पातं मागितलं. पहिला कप कानापाशी गेला. दुसरा मधोमध. पुढचा तर पातं टेकताच. मी जमिनीकडे बघत राहिले.

"फुटू दे हो," कामावरची बाई म्हणाली. "माती पिंपात टाकली की पुन्हा कप."

पण मावशीने पातं खाली ठेवलं. "चल," ती मला म्हणाली, "झालं माझं." आवाज अगदी साधा होता.

"कुठे निघालात?" ती बाई उठली आणि खिळ्यावरचा रुंद कातडी पट्टा काढून आणला. "दिवसभर असं बसून माझाही हात कापतो. हा बांधा. घट्ट. आता कोपर यात अडकवा, पोटाशी. हात कमरेच्या आधाराने चालवायचा, नुसता खांद्यातून नाही."

तिने स्वतःच मावशीची कंबर आवळली. मावशी पट्ट्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं, कंबर कसणे!" ती मला म्हणाली. "आधी कंबर कसायची, मग काम नीट करायचं. शब्दाने पट्टा सोडलाच नाही गं!"

"आता हसू नका, कप फुटेल," ती बाई म्हणाली.

मावशीने डोळे पुसले. कोपर पट्ट्यात, पातं शिवणीवर. हात अजून कापत होता, पण थोडासाच. पांढरी भुकटी तिच्या मांडीवर पडत राहिली. मग तिने स्पंज फिरवला आणि कप माझ्या हातात दिला. मी बोट फिरवून शिवण शोधली. सापडली नाही. माझी मावशी किती मोठी आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी तिला तसं सांगितलंही. "गप गं," ती म्हणाली आणि पुढचा कप घेतला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती पट्टा बांधूनच. त्या बाईने तो देऊन टाकला होता. कोपर अडकवून तिने स्वतःच्या हाताने अर्थ लिहिला: मूळ पट्ट्यावरून, कंबर कसून तयार होणे, त्यावरून, कच्च्या भांड्याची शिवण काढून ते भट्टीसाठी तयार करणे. अक्षर जरा हललं होतं, पण ओळ सरळ होती.

संपादकांनी कागद दोनदा वाचला आणि 'दुर्मीळ' ही खूण स्वतःच खोडली. "छान झालंय, बाई," ते म्हणाले. "मग पुढे काय ठरलं?"

मावशीने पट्टा आणखी एक घर आवळला.

"केबिनला कुलूप लावून घ्या, साहेब," ती म्हणाली. "मी एसपर्यंत आहे."