तिवईची उंची

पाणी ओसरल्यावर घरात पहिलं पाऊल ताईनं टाकलं, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो इथं सांगण्यासारखा नाही. घराचा नुसता राडा झाला होता. मागचा नाला तुंबला, पाणी उलटं फिरलं आणि बाबांच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेपर्यंत चढलं. जड सामान आडवं झालं, हलकं तरंगलं, आणि पाणी गेलं तेव्हा ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं बस्तान ठोकलं. फ्रिज बाहेरच्या खोलीत येऊन पाठीवर झोपला होता. बाबांची खुर्ची स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, जणू भाजी चिरायला आली होती. सगळ्यावर चिखलाचा गुळगुळीत थर, आणि वास असा की नाक घरी ठेवून यावं.

बाबा सुखरूप होते. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना हाताला धरून वर नेलं होतं. "चला हो, मासे धरायला थांबलात का?" असं म्हणत नेलं, आणि तेव्हापासून ते काकूंच्या बाल्कनीत बसून होते. खाली काय चाललंय ते काकू त्यांना वरून सांगत होत्या, तेही तिखटमीठ लावून.

बाबांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर ते एकटेच राहत. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दवाखान्यातल्या कामावर जाता-येता डोकावायची. पण चहा बाबा स्वतः करत, आणि ताईपेक्षा बरा करत. घरात त्यांना काठी लागत नसे. कपाटाची कड सोडली की खुर्चीची पाठ, खुर्ची सोडली की टेबलाचा कोपरा, असे ते एक वस्तू सोडून दुसरी धरत घरभर फिरत. नवख्या माणसाला तर कळतही नसे की या गृहस्थांना दिसत नाही. आता त्या वस्तूच उठून भलतीकडे गेल्या होत्या.

"सगळं भंगारात घाल, ताई," धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोही कामाला आला होता. "लागेल तेवढं काढून ठेव. बाबांना मी माझ्याकडं नेतो."

"आणि तिकडं काय करतील ते?"

"राहतील. लिफ्ट आहे, दिवसभर बाई आहे, काही कमी नाही."

"सोफा पण आहे," ताई म्हणाली.

त्याला ते लागलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबा त्याच्याकडं राहिले होते. राहिले म्हणजे काय, सोफ्याच्या कडेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे. पाणी हवं असलं तरी मागायचं, नाहीतर तहान लागलीच नाही असं दाखवायचं. ताई भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं, "इथून कधी निघायचं गं?" त्या दिवसापासून तिनं मनाशी ठरवलं होतं की पुन्हा त्यांना असं पाहुणा होऊ द्यायचं नाही.

धाकटा वाईट नव्हता. उलट जरा जास्तच चांगला होता, आणि अशा माणसाशी भांडायचं म्हणजे महाकठीण. त्याला बाबांची काळजी वाटायची, अगदी मनापासून. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, उजवा पाय आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवायचा, आणि समोरून ट्रक आला की दाबायचा. अशा माणसाला जगात जिकडंतिकडं ट्रकच दिसतात.

"बरं, असं करू," तो म्हणाला. "घर लावून झालं की परीक्षा घेऊ. बाबांनी खाटेवरून उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, पेलाभर पाणी पिऊन परत यायचं. कोणी बोलायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. मी मागं असेन. मला धरावं लागलं, की नापास, आणि मग माझ्याकडं. कबूल?"

वरून बाबांचा आवाज आला, "कबूल!" काकूंनी बातमी ताजीताजी पोचवली होती.

मग काम सुरू झालं. ताईच्या अंगात एकदा साफसफाई शिरली की ती सख्ख्या भावालाही फेकून द्यायला कमी करणार नाही. गाद्या गेल्या, उशा गेल्या, आईची शिवणाची टोपली गेली. त्यातल्या कात्र्या मात्र तिनं पुसून ठेवल्या. खुर्च्या समोरच्या रस्त्यावर उन्हात गेल्या. मागचा दरवाजा फुगून चौकटीत अडकला होता, तो सुतार रंधा मारायला काढून घेऊन गेला. पण या सगळ्याच्या आधी, घरात शिरल्याशिरल्या तिनं कुठली वस्तू कचऱ्याच्या ढिगावर भिरकावली असेल, तर ती पॅसेजमधली फोनची तिवई.

तिच्यावरचा फोन कधीच गेला होता, तिवई मात्र अरुंद पॅसेजच्या टोकाला टोलनाक्यासारखी उभी. लहानपणापासून तिचा कोपरा ताईच्या बरगडीत घुसायचा, मोठेपणी कमरेत. प्लायचे पापुद्रे सुटले होते, एक पाय लटपटत होता. "मर मेली," म्हणून ताईनं ती दिली फेकून, आणि तिला फार बरं वाटलं.

फरशी धुऊन झाली तेव्हा बाबांना खाली आणलं. ते खाटेवर बसले आणि हुकूम सोडू लागले.

"कपाट खिडकीपासून दोन वीत."

ताईनं वीत टाकून मोजलं, दोघांनी कपाट ढकललं. बाबा उठून चाचपून आले. "हे दोन वीत?"

"मोजलं की मी!"

"तुझी वीत ती काय वीत? चिमणीची! माझी वीत घे."

कपाट पुन्हा हललं. मग टेबल. टेबल भिंतीला चिकटून होतं असं बाबा छातीठोकपणे म्हणाले, मग स्वतःच त्याला धडकले, आणि पुरानं भिंतच आत आली असणार असं त्यांनी ठरवलं. धाकटा खाली मान घालून हसला. ताईला तेवढ्यानं बरं वाटलं, हा हसतोय म्हणजे अजून आशा आहे.

"आणि तिवई?" बाबांनी सहज विचारलं. "आहे ना जागेवर?"

"आहे हो," ताई म्हणाली. पोरांना म्हणावं तसं, तोंडातून निघून गेलं. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

खोलीतून बाबा पॅसेजमध्ये यायचे ते उजव्या भिंतीला बोटं घासत. भिंत संपते तिथं तिवई. तिच्यावर हात पडला की एक थाप मारायची आणि डावीकडं वळायचं, की स्वयंपाकघराचं दार. थाप मारायची त्यांची सवय ताईनं हजारदा पाहिली होती आणि कधी तिचा विचार केला नव्हता. तिवई लागली नाही, तर माणूस सरळ पुढं जाणार. पुढं मागच्या अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि आज तर दरवाजाही नाही.

"आलेच," म्हणून ती बाहेर धावली. ढीग नव्हता! एरवी हाका मारून न येणारी कचऱ्याची गाडी आज वेळेवर येऊन सगळं घेऊन गेली होती. रस्त्यावर नुसता चिखलाचा डाग उरला होता. देवा रे, म्हणत ती मागच्या अंगणातून वळसा घालून पायऱ्या चढून पॅसेजमध्ये शिरली. तिवईच्या जागी काहीतरी, काहीही ठेवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. खुर्च्या पुढच्या बाजूला रस्त्यावर होत्या. पॅसेजमध्ये एक बादली आणि एक वायपर. बादली पडली गुडघ्याएवढी, बाबांचा हात शोधणार कमरेच्या उंचीवर.

"चला, मी तयार आहे," बाबांचा आवाज आला.

"थांबा!" ताई ओरडली.

"बोलायचं नाही," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं, ताईचा धीर सुटतोय. "बाबा, निघा. मी मागंच आहे."

ते निघाले. ताई पॅसेजच्या टोकाशी उभी राहून बघत होती. खाटेची कड, कपाट, टेबलाचा कोपरा, सगळं बिनचूक. पाऊल मात्र नेहमीपेक्षा सावकाश पडत होतं, आणि आपण घाबरलोय हे कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी मान ताठ धरली होती. त्यांच्या मागं दोन्ही हात पुढं करून धाकटा. दर पावलाला त्याच्या उजव्या पायाचा चवडा फरशीवर दाबला जात होता. तिथं कसला आलाय ब्रेक, पण तो दाबत होता.

खरं सांगून टाकावं? मग ती परीक्षाच उरत नाही, आणि आजच बॅग भरावी लागते. बाबांची बोटं पॅसेजच्या ओल्या भिंतीला लागली आणि भिंतीवरून सरकत तिच्याकडं येऊ लागली.

ताई तिवईच्या जागी गेली आणि फरशीवर गुडघे टेकून बसली. खाली पाणी साचलेलं होतं, सलवार भिजली. तिनं पाठ ताठ केली आणि श्वास रोखून धरला.

भिंत संपली. बाबांचा हात हवेत पुढं आला आणि तिच्या डोक्यावर पडला.

ते थांबले. धाकट्याला आता पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून सगळं दिसत होतं. त्याचा पाय तसाच दाबलेला. बाबांची बोटं तिच्या केसांवरून कपाळावर आली, कानापाशी गेली, तिथं घुटमळली. मग त्यांनी तिच्या टाळूवर एक टपली मारली, तिवईला मारायचे तशीच, आणि ते डावीकडं वळून स्वयंपाकघरात गेले.

आत पेला वाजला. पाणी ओतल्याचा आवाज आला. बहीण-भाऊ एकमेकांकडं बघत राहिले. ताई उठली नाही, कारण त्यांना परतही यायचं होतं. परत येताना त्यांनी पुन्हा तिच्या डोक्यावर हात टेकला, वळले, भिंतीला लागले, टेबल, कपाट, आणि खाटेवर बसले.

"पास का?" त्यांनी विचारलं.

धाकटा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, तिथं तिवई नाहीये."

"ते तुझ्याआधी मला कळलं. तिवईला केस कुठले?"

"मग पास कसं म्हणू मी? ही काय रोज तिथं गुडघे टेकून बसणार आहे?"

ताईला रडू आलं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. "फेकली मी! मीच फेकली. विचारलंत तेव्हा आहे म्हणून खोटं बोलले. घाला मला शिव्या!" मग धाकट्याकडं वळून म्हणाली, "पण त्यांना नेऊ नकोस. तुझ्याकडं त्यांना हात लावायला काही नाही रे. नुसते बसून राहतात."

धाकट्यानं दुमडलेली पँट उगाच खाली ओढली.

"मी काय त्यांना बसवून ठेवायला नेतोय?" तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "मला रात्री झोप लागत नाही, ताई. फोन वाजला की वाटतं, पडलेच."

"तुझं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आणि मी पडेनही कधी. पण इथं पडलो, तर कुठं पडलो ते तरी मला माहीत असेल." मग ताईच्या दिशेनं वळून म्हणाले, "फेकलीस ते बरं झालं. लटपटायला लागली होती मेली. मीच तिच्यावर जपून हात ठेवायचो."

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. उठला, पॅसेजमध्ये गेला, मागच्या पायऱ्यांकडं बघून आला. "सुतार उद्या दरवाजा घेऊन येणार आहे," तो म्हणाला. "नवी तिवई करायला सांगतो. चांगली जड, भिंतीत ठोकलेली. ती येईपर्यंत मी इथं झोपतो. उंची किती होती?"

कोणालाच माहीत नव्हतं. ताईला तिचा कोपरा कमरेत आठवत होता, पण नेमका कुठं ते सांगता येईना. बाबांनी हवेत हात धरून बघितला, वर घेतला, खाली घेतला. "असं अधांतरी नाही कळत," ते वैतागून म्हणाले. "हात टेकायला पाहिजे."

मग ताई परत जाऊन त्याच ओल्या फरशीवर बसली. बाबा भिंतीला बोटं घासत आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जरा खाली. फार नको. हनुवटी आत घे. हं, एवढीच."

"हलू नकोस गं," म्हणत धाकट्यानं सुताराची राहिलेली पेन्सिल उचलली, आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची जी तपकिरी रेघ होती तिच्या जरा वर बाबांच्या तळव्याच्या पातळीला खूण केली. ती नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा गिरवली.

खूण झाली होती. बाबांनी हात काढला नाही, आणि काढा असं त्यांना कोणी म्हटलंही नाही.