खिडकीचा निळा कागद

मच्छिंद्र पेंटरचं अक्षर म्हणजे अक्षर! भिंगारच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पण त्याच हाताला दिवाळीपासून कंप सुटला होता. हे सगळ्या भिंगारात तिघांनाच ठाऊक: खुद्द पेंटरना, त्यांच्या बायकोला छबूबाईला आणि नववीतल्या लेकीला, मनकर्णेला.

म्हणून तर पेंटर पुण्याला जाऊन जाळीच्या छपाईची नवी विद्या शिकून आले होते. चौकटीवर रेशमी कापड ताणायचं, त्यावर मसाला चोपडून तो अंधारात वाळवायचा. मग काळ्या अक्षरांचा ट्रेसिंग कागद वर ठेवून चौकट उन्हात धरायची. उजेड लागेल तिथला मसाला दगडासारखा घट्ट, आणि अक्षरांखालचा पाण्यानं धुऊन जाणार. तेवढ्याच वाटेनं रंग खाली उतरणार. एकदा अक्षर काढलं की हजार पाट्या निघाव्यात!

ते एकदाचं अक्षर काढायला पेंटरना, म्हणजे मनकर्णेच्या दादांना, आठ दिवस लागले होते. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायचं आणि दिवसाला एक अक्षर. दूध उत्पादक संघ. संघाच्या आप्पासाहेबांना गावोगावच्या दूध केंद्रांसाठी पत्र्याच्या पाट्या हव्या होत्या, आणि आज दुपारी ते नमुना बघायला येणार होते. नमुना पसंत पडला तर दादांना पुन्हा कधी चारचौघांत ब्रश धरावा लागणार नव्हता.

अंधाऱ्या खोलीचं खातं मनकर्णेनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. शास्त्रात वर्गात पहिली आलेली पोर, घेणारच!

"पुन्याचा मानूस पिवळा दिवा लावा म्हनला हुता," दादा म्हणाले होते.

"पिवळा कशाला, दादा? पिवळ्यात तर सगळं लख्ख दिसतं. आपली मागची खोली हाय की आयती!"

आयतीच होती. डिसेंबरात लढाई लागली तेव्हा छावणीच्या शेजारचं गाव म्हणून घरोघर खिडक्यांना कागद लागले होते. मागच्या खोलीच्या काचांना मनकर्णेनंच निळा कागद डकवला होता. पहारा करणाऱ्यानं रस्त्यावरून पाहून शाबासकी दिली होती, "या घरातला एक ठिपका दिसत न्हाई." विमानाला दिसत नाही तो उजेड मसाल्याला काय कळणार? उरलेला कागद तिनं बल्बलाही गुंडाळला आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "झाली आपली डार्करूम!"

आज पहिली चौकट नळाखाली धरली, तर अक्षरं सुटेचनात.

"ऊन जास्त झालं आसंल," दादा म्हणाले. दुसरी चौकट पाच मिनिटांऐवजी दोनच मिनिटं उन्हात ठेवली. तीही तशीच, कोरी आणि घट्ट. घासून घासून दादांची बोटं लाल झाली. मसाला हटेना, आणि कापडही वाया गेलं. रेशीम आता एकाच चौकटीपुरतं उरलं होतं.

"आगं, देवाचं नाव तरी घे," छबूबाई म्हणाली. मनकर्णेनं देवाचंही घेतलं आणि शास्त्राच्या बाईंचंही.

तिसरी चौकट तिनं खिडकीखाली वाळायला ठेवली. जागा नव्हती म्हणून एक पत्रा तिच्या कोपऱ्यापुढे उभा केला. वाळली, उन्हात गेली, नळाखाली आली. पाणी सोडलं, आणि कोपऱ्यातला एकटा 'घ' काचेसारखा आरपार उघडला!

"दादा, सुटलं! सुटलं!" मनकर्णा नाचायलाच लागली.

बाकीची अक्षरं मात्र जागची हलली नाहीत.

ती नाचायची थांबली. पत्रा उभा होता तो याच कोपऱ्यापुढे. म्हणजे 'घ'ची जागा सावलीत वाळली होती, बाकीची सगळी... तिनं मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. ऊन खिडकीवर आलं होतं आणि भिंतीवर, जमिनीवर, तिच्या हातांवर निळा उजेड पसरला होता. मंद होता, डोळ्यांना गार वाटत होता. मसाल्याला मात्र तो उन्हासारखाच लागत होता. उन्हात चौकट जायच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं.

"दादा, निळ्यानंच घात केला. चूक माझी हाय."

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बोटं पुसत राहिले. "मग आता पिवळा लावू."

"कापड कुठंय?"

कापड पुण्याला होतं. आणि आप्पासाहेबांची सायकल दाराशी.

"काय मच्छिंद्रराव, कुठाय आमचा नमुना?" कपाळावरचा घाम टिपत आप्पासाहेब बाजेवर बसले. दादांनी जाळी दाखवली, काय झालं ते सांगितलं. आप्पासाहेब खो खो हसले. "आवं, ते यंत्रातंत्राचं जाऊ द्या की. तुमच्या हाताला कुठली जाळी पुरी पडायची? काढा एक पाटी हितंच. मी बसतो."

"दादांच्या डोळ्यात रंग गेलाय," मनकर्णा घाईनं म्हणाली. "उद्या काढतील. उद्या मी स्वतः आणून देते संघात!"

"गप बस, मनू," दादा म्हणाले.

छबूबाई पदराचं टोक तोंडात धरून चुलीकडे वळली. दादांनी पत्रा भिंतीला टेकवला, ब्रश बुडवला. या खेपेला मनगट धरायला दुसरा हात आणता येत नव्हता, समोर माणूस बसला होता. पत्रा घसरत होता म्हणून मनकर्णेनं धावत जाऊन तो दोन्ही हातांनी धरला. ब्रशचं टोक पत्र्याला लागलं आणि टिक टिक टिक वाजायला लागलं. 'दू'ची पहिली रेघ वाकडीतिकडी खाली उतरत होती.

आप्पासाहेबांची नजर ब्रशच्या टोकावर खिळली. तिथून ती मनकर्णेच्या हातांकडे वळली.

"पोरी," मग ते हळूच म्हणाले, "पत्रा हलतोय. नीट धर."

"व्हय," मनकर्णा म्हणाली, आणि जराही न हलणारा तो पत्रा तिनं आणखी घट्ट धरला.